हळदीच्या हंगामातले पाहुणे

परवा शाळा सुटल्यावर स्कूटीवरून येत होते, तर डोंगरकड्याजवळ एका शेतात या वर्षीचा पहिला कुकर पेटलेला दिसला. हळद शिजवायचा कुकर म्हणजे चाकांवरची एक मोठी टाकी आणि तिला जोडलेले ड्रम. टाकीखाली जाळ, ड्रममध्ये हळद आणि वर पांढऱ्या वाफेचा लोट. ती वाफ रस्त्यावर आली आणि मी तिच्यातून गेले. कच्च्या मुळाचा, ओल्या मातीचा, थोडा औषधासारखा तो वास. आता दोनेक महिने तो आमच्या भागात मुक्कामाला राहील. दोरीवरच्या कपड्यांना येईल, पोरांच्या केसांना येईल, तपासायला घरी आणलेल्या पेपरच्या गठ्ठ्यांनाही येईल.

हा वास आला की मला सुई आठवते. सुई हे एका बाईचं नाव आहे.

माझा नवरा विजय आखाडा बाळापूरला नांदेड रोडवर वेल्डिंगचं दुकान चालवतो. हळदीचे कुकर बनवणं आणि दुरुस्त करणं हे त्याचं मुख्य काम. वसमतच्या मोंढ्यात हळदीला भाव असो नसो, शिजवावी तर लागतेच, म्हणून या दिवसांत विजय फक्त जेवायला घरी येतो. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमची लेक एस्तेर आता आठवीत आहे. मी सांगते आहे त्या वर्षी ती चौथीत होती.

त्या वर्षी विजयचा जुना वेल्डर ऐन हंगामाच्या तोंडावर पुण्याला निघून गेला. विजय कावलेला होता. रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आमच्या मंडळीचे पाळक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "विजय, एक वेल्डर हाये. पण लांबचा हाये."

"किती लांबचा? परभणीचा?"

"म्यानमारचा."

पाळकसाहेबांचा कॉलेजातला एक मित्र दिल्लीत होता. सीमेपलीकडच्या डोंगरांतून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांमध्ये तो काम करायचा. ही माणसं बहुतेक आमच्यासारखीच ख्रिस्ती. तिथल्या लढाईत गावं जळाली, म्हणून ती आधी मिझोरामात आली आणि तिथून दिल्लीला, कारण निर्वासितांच्या अर्जांचं ऑफिस दिल्लीत आहे. तिथं नाव नोंदवायचं, मग मुलाखतीची वाट बघायची. मुलाखतीत आपल्यावर काय बेतलं ते सांगायचं. त्यांना पटलं तर आसरा मिळतो, नाही पटलं तर पुढचं कुणाला ठाऊक नसतं. वाट बघण्यात वर्षं जातात आणि तोवर पोट तर चालवावं लागतं.

"कागद?" विजयनं विचारलं.

"दिल्लीच्या ऑफिसचं कार्ड हाये. हंगामापुरतं येऊ दे. तुलाबी सोय, त्यायलाबी सोय."

अशी ती तिघं आली. नांदेडहून एसटीनं, दुपारच्या उन्हात. थांग, त्याची बायको सुई आणि लेक तियाल. फाट्यावर त्यांना घ्यायला मी आणि एस्तेर गेलो होतो. थांगच्या पाठीवर एक सॅक, सुईच्या हातात एक गाठोडं. तियालच्या पायात मोठ्या माणसाचे बूट होते आणि ते निघू नयेत म्हणून ती पाय उचलण्याऐवजी घासत चालत होती. एस्तेर त्या बुटांकडे बघत राहिली. मग तिनं आपली चाल तिच्यासारखी हळू केली.

खोली दिली रशीदचाचांनी. त्यांचं हार्डवेअरचं दुकान विजयच्या दुकानाला लागून आहे, आणि गोदामामागं एक पत्र्याची खोली रिकामी होती. आम्ही आधी तीन ठिकाणी विचारून आलो होतो. कुणी नाही म्हटलं नाही, पण सगळ्यांना अचानक आपापल्या रिकाम्या खोलीत सामान ठेवायचं होतं. रशीदचाचांनी किल्ली काढून दिली आणि म्हणाले, "मॅडम, आमचे अब्बा लहान असताना, गडबडीच्या साली, पोलीस ॲक्शनच्या टायमाला, आमचा सगळा कुनबा एका पाटलाच्या कडब्याच्या गंजीमागं लपून व्हता. पाटलाच्या घरून भाकरी यायची. आता म्या खोलीला न्हाई म्हणलं तर अब्बाला काय तोंड दाखवू?" अब्बा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. चाचा हे सगळं खिळे मोजता मोजता बोलत होते.

सुईच्या नावाची गंमत पहिल्याच दिवशी झाली. शेजारच्या कांताबाई हळद काढायला बायकांची टोळी घेऊन जातात. त्यांनी नाव विचारलं आणि ऐकून म्हणाल्या, "सुई? म्हंजी शिवायची?" मी हो म्हटलं. सुईला मी ते हिंदीत समजावलं, तेव्हा तिनं विचार केला आणि म्हणाली, "ठीक है. काम का चीज है." कांताबाईंना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून सुई त्यांच्या टोळीत. जमिनीतून काढलेले हळदीचे गड्डे फोडायचे, माती झाडायची, मुळ्या तोडायच्या. आठवड्याभरात तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले. ती ते पुन्हा पुन्हा साबणानं घासायची. कांताबाईंनी तिला सांगितलं, "जाऊ दे माय, न्हाई निघत. आमची लग्नात लागलेली अजून निघून नाही राहिली." सुईला शब्द कळले नाहीत, पण सगळ्या बाया हसल्या तेव्हा तीही हसली.

आमच्या मंडळीत दया हा शब्द फार बोलला जातो. प्रार्थनेत येतो, गीतात येतो, उपदेशात तर येतोच. त्या दिवसांत माझ्या वाट्याला जे आलं त्याला एवढं मोठं नाव द्यायची मला लाज वाटते. आधार कार्ड नाही म्हणून सिम मिळत नाही, मग पाळकसाहेबांचा जुना फोन द्या. गॅस मिळत नाही, मग चूल मांडून द्या. तियालला ताप आला, सरकारी दवाखान्यात नाव काय लिहायचं, तर जे आहे ते लिहा म्हणून खिडकीशी उभं राहा. थांगला ज्वारीची भाकरी खाऊन पोटात दुखतं, मग तांदूळ बघा. सुई आमच्या सगळ्या भाज्या तिखटाशिवाय उकडून खायची आणि मला प्रेमानं वाढायची. मी खायचे. त्यातल्या कुठल्याही कामाला दया लागत नव्हती, थोडा वेळ लागत होता. तोच आपण सहसा देत नाही.

तियालला गावातल्याच शाळेत एस्तेरच्या वर्गात बसू दिलं. पटावर नाव नाही, नुसतं बसायचं. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण गणित एस्तेरपेक्षा चांगलं होतं. संध्याकाळी दोघी आमच्या ओट्यावर बसून आपापल्या भाषेतले आकडे एकमेकींना शिकवायच्या. एका रविवारी संडे स्कूलमध्ये बाळ येशूला राजापासून वाचवायला योसेफ सुतार आणि मरीया मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळाले ती गोष्ट झाली. घरी जेवताना एस्तेरनं विचारलं, "आई, मिसर देशात त्यांना खोली कुणी दिली?"

मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही."

"काहून?"

"माहीत नाही."

"रशीदचाचासारखं असंल कुणीतरी," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, कितीदा शिकवलीही, पण त्या घरमालकाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्याला ते लेकरू कोण आहे हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्याच्या दारात एक परक्या भाषेचा सुतार, एक दमलेली बाई आणि एक मूल उभं होतं एवढंच त्यानं पाहिलं असणार. त्यानं भाडंही घेतलं असेल. शेजाऱ्यांनी त्याला विचारलंही असेल की ही कुठली माणसं आणून ठेवलीस.

आम्हाला विचारलंच. गावाच्या लेखी आधी ती तिघं नेपाळी होती, मग चिनी झाली आणि मग कुणीतरी भलतंच काही म्हणालं. एस्तेर शाळेतून आली आणि म्हणाली, "पोरी म्हणतात, तुमी बाहेरच्या लोकांना आणून ठेवून राहिले." त्या संध्याकाळी विजय जेवला नाही नीट. "आपली ख्रिस्ती घरं किती हायेत इथं?" तो मला म्हणाला. "आपल्यालाबी इथंच राहायचंय. या लेकरालाबी इथंच शिकायचंय." ते खरं होतं. आईबाप झाल्यावर माणूस भित्रा होतो असं म्हणतात, पण मला वाटतं तो हिशेबी होतो. आपल्या लेकराच्या वाटचं काही कमी होऊ नये, एवढं बघता बघता दुसऱ्याचं लेकरू नजरेबाहेर जातं.  दुसऱ्या दिवशी सकाळी विजयनंच एस्तेर आणि तियाल दोघींना गाडीवरून शाळेत सोडलं.

मग पोलीस ठाण्यातून जमादार आले. वयस्क माणूस होता, शांत. विजयच्या दुकानात स्टुलावर बसून त्यांनी थांगचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. रशीदचाचांनी चहा मागवला. जमादार म्हणाले, "हे कार्ड बराबर हाये, पण हे दिल्लीचं हाये. परदेशी माणूस ठेवायचा तर हिंगोलीला नोंद लागती. तुमाला म्हाईत न्हवतं, ठीक. आता म्हाईत झालं." विजय थांगला घेऊन हिंगोलीला गेला. तिथं त्यांना सांगितलं, मुलाखत दिल्लीत आहे तर दिल्लीतच राहणं बरं, पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, सण करा आणि जा. ते कुणी रागानं सांगितलं नाही. त्याच आठवड्यात पाळकसाहेबांच्या मित्राचा फोन आला की मुलाखतीचा दिवस लागला आहे, सणानंतर लगेच. इतके दिवस न हललेली गोष्ट एकदम हलली. थांगनं ते ऐकलं, वेल्डिंगचा काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि हातातला ड्रम पुरा केला.

आमच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेची उपासना कबरस्तानात होते. शनिवारी सगळे जाऊन गवत उपटतात, कबरींना चुना देतात. पहाटे प्रत्येक घर आपापल्या माणसाजवळ उभं राहतं, फुलं ठेवतं, मेणबत्ती लावतं. आम्ही माझ्या सासूबाईंजवळ उभे होतो. उजाडायला आलं होतं. गीत सुरू असताना मी मान वळवून पाहिलं तर सुई कुंपणाशी, जिथं कुणाचीच कबर नाही तिथं, खाली बसली होती. तिनं आपल्या पिवळ्या हातांनी माती उकरून छोटीशी जागा केली आणि तिथं मेणबत्ती रोवली. वारा होता. ती ओंजळ धरून बसली.

गीत संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. "किसके लिए?"

"मेरा बेटा," ती म्हणाली. "लियान."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की त्यांना मुलगा होता. ती हळूहळू बोलत गेली. गाव सोडल्यावर जंगलात त्याला ताप आला. औषध नव्हतं, थांबता येत नव्हतं, मागून गोळ्यांचा आवाज यायचा. सीमेवरच्या नदीच्या त्या काठावरच तो गेला. थांगनं आणि गावच्या एका माणसानं त्याला तिथंच मातीत ठेवलं आणि ही माणसं पोहून, दोर धरून या काठावर आली. "वो उस तरफ है. हम इस तरफ आया." दिल्लीत नाव नोंदवताना खिडकीतल्या माणसानं विचारलं होतं, कितने लोग आए हो? तिनं सांगितलं, तीन.

"अब मैं उधर इंटरव्यू में उसका नाम बोलेगी," सुई म्हणाली.

दुपारी ती तिघं आमच्याकडे जेवायला होती. मटण केलं होतं, सुईसाठी बिनतिखट वेगळं काढून. जेवणानंतर मुली बाहेर गेल्या आणि सुईनं थांगला त्यांच्या भाषेत काही सांगितलं.  तो आम्हालाही कळावं म्हणून हिंदीत बोलला. "पहले तीन बोला. अब दूसरा बात बोलेगा तो वो समझेगा, झूठा है. सब झूठा है. फिर क्या?" त्यानं दाराबाहेर, तियालच्या आवाजाच्या दिशेनं हात केला. "वो गया. ये है."

सुई म्हणाली, "वो भी है."

मला दोघांचंही पटत होतं. ज्यांना आपली कहाणी पुन्हा पुन्हा अनोळखी माणसाला सांगून खरी ठरवावी लागते, त्यांच्या एका शब्दाच्या फरकानं काय होऊ शकतं हे थांग जाणून होता. त्याला मुलाचं दुःख कमी नव्हतं. तोच तर त्याला ठेवून आला होता. विजय कोपऱ्यात बसून होता. तो म्हणाला, "थांग बराबर बोलून राहिला." आणि मग माझ्याकडे वळून, "पण एस्तेरचं असं झालं असतं, आणि तुला कुणी विचारलं असतं, लेकरं किती, तर तू काय सांगितलं असतंस?"

मी भांडी उचलली. 

पाळकसाहेबांनी दिल्लीच्या मित्राला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, आधी का सांगितलं नाही हे नक्की विचारतील, जे खरं कारण असेल ते सांगावं, त्यापुढचं मी काही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणजे ओझं पुन्हा त्या दोघांवरच आलं. निघण्याच्या दिवसापर्यंत त्यांच्यात काही ठरलेलं दिसलं नाही.

विजय त्यांच्यासोबत गेला. ऐन हंगामात दुकानाला कुलूप लावून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन. मी जा म्हटलं नव्हतं. वाटेत कुणी अडवलं तर बोलायला माणूस पायजे, एवढंच तो म्हणाला. कांताबाईंनी गाडीत खायला दशम्या करून दिल्या. रशीदचाचांनी तियालला मापाचे बूट घेऊन दिले आणि ते घालून ती एसटीच्या पायऱ्या धावत चढली. एस्तेर रडली नाही. घरी आल्यावर तिनं वहीच्या मागच्या पानावर तियालच्या भाषेतले आकडे लिहून काढले, विसरू नयेत म्हणून.

त्या मुलाखतीचा निकाल यायला वर्षाहून जास्त गेलं. तो त्यांच्या बाजूनं लागला. आज ती दिल्लीतच आहेत, एका गल्लीत वरच्या मजल्यावर. थांग ग्रिलच्या कारखान्यात जातो. सुई लोकरीचे स्वेटर विणते आणि विकते. दुसऱ्या कुठल्या देशात कायमची जागा मिळेल का याची ते वाट बघत आहेत आणि अशी वाट बघणारे पुष्कळ आहेत. तियाल आता एस्तेरशी फोनवर अशी हिंदी बोलते की मला अर्धी कळत नाही. या गोष्टीला मी आनंदाचा शेवट म्हणणार नाही. पण त्यांना परत पाठवलेलं नाही, आणि जी लेकरं शाळेत जायला हवीत त्यातली एक जाते आहे.

मुलाखतीच्या दिवशी काय झालं ते मला विजयनं परत आल्यावर सांगितलं. तो सकाळीच नांदेडहून आला होता. चहा घेत होता, आणि बाहेर कुणीतरी कुकर कधी मिळणार म्हणून ताटकळत उभं होतं.

दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं. विजय तियालला घेऊन बाहेर फुटपाथवर बसला होता. आधी थांग आत गेला. पुष्कळ वेळानं बाहेर आला तो सरळ विजयच्या शेजारी येऊन बसला. त्याला विचारलं होतं, मुलं किती. त्यानं सांगितलं, दोन. "मुँह से निकल गया," एवढंच तो म्हणाला. सुई तोवर आत गेलेली होती, तिला हे माहीत नव्हतं. नवऱ्याचा शब्द आपण मोडतो आहोत असं धरूनच ती आत बसली होती.

आतलं सुईनं नंतर बाहेर येऊन सांगितलं. समोर एक अधिकारी बाई होती आणि शेजारी दुभाषी. सुईनं लियानचं नाव सांगितलं. बाईनं विचारलं, पहिल्यांदा तुम्ही तीनच माणसं सांगितली होती, असं का? सुई म्हणाली, तेव्हा विचारलं होतं, किती जण आलात. तो आला नाही.

बाईनं ते लिहून घेतलं. मग तिनं मुलाचं वय विचारलं. सुईला प्रश्न नीट कळला नाही. तिनं दुभाष्याला विचारलं, तेव्हाचं सांगू की आताचं?

दुभाष्यानं ते बाईला सांगितलं.  बाई म्हणाली, दोन्ही सांगा.

सुईनं सांगितलं. तेव्हा पाच. आता सात.